कोणाचाच नसलेला मजला

आमचं गाव एरवी खाऊनपिऊन सुखी आहे, पण घरांची मोजणी निघाली की आठवडाभर गरीब होतं. मी नगरपरिषदेच्या कर विभागात आहे. दर चार वर्षांनी घरपट्टीची फेरआकारणी येते, म्हणजे कोणी किती बांधलं, कोण त्यात राहतं, कोणी दुकान काढलं हे दारोदार जाऊन लिहायचं. आम्ही जायच्या आदल्या दिवशी घंटागाडीच्या भोंग्यावरून सांगतात की उद्या अमुक गल्लीत मोजणी आहे, नागरिकांनी सहकार्य करावं. ही पद्धत ज्याने काढली तो आमच्या खात्याचा नसणार, नागरिकांपैकीच कोणीतरी असणार, अशी माझी खात्री आहे.

नागरिक सहकार्य करतातही. आम्ही सकाळी पोचतो तोवर एसीच्या बाहेरच्या डब्यावर गोधडी पडलेली असते. गुळगुळीत फरशीच्या हॉलमध्ये शेळ्या बांधलेल्या असतात, म्हणजे तो हॉल राहत नाही, गोठा होतो. शेळ्यांना त्या फरशीची सवय नसते, बिचाऱ्या चारी पायांनी घसरत असतात. एका ठिकाणी हार्डवेअरच्या दुकानात खाट टाकून म्हाताऱ्याला निजवलं होतं आणि मला सांगण्यात आलं की ही आमच्या आबांची खोली आहे. आबांनी पाय सिमेंटच्या पोत्यांवर ठेवले होते. मी विचारलं, आबा, बरं वाटत नाही का? आबा म्हणाले, "मले बरं हाय व, पन हे उठू देऊन नाई राह्यले."

टेपचं एक टोक धरायला माझ्यासोबत एक शिपाई असतात. निवृत्तीला आलेत, सगळे त्यांना काका म्हणतात. काकांचं टोक नेहमी सावलीत असतं. उन्हातलं टोक माझ्याकडे येतं. हे कसं होतं ते इतक्या वर्षांत मला कळलेलं नाही, आणि आता विचारायचं वयही राहिलं नाही.

कुत्र्यांचं मी सांभाळून घेते, चहाचं जमत नाही. एका घरी घेतला की दुसऱ्या घरी घ्यावाच लागतो. नाही म्हटलं तर, "बाजूच्याचा घेतला, आमचा काऊन नाई?" आणि मग चार महिन्यांनी नोटीस गेली की त्या न घेतलेल्या चहामागचा माझा राग लोकांना तिच्यात दिसायला लागतो. आता एवढा चहा पोटात गेल्यावर बाईमाणसाचं काय होतं हे सांगायला नको. गावातल्या झाडून सगळ्या संडासांची लांबी-रुंदी माझ्याकडे आहे. त्यांपैकी एकाही घराने आजवर मला "मॅडम, जाऊन या" म्हटलेलं नाही. संडास लिहून घ्यायला आलेल्या बाईने संडास मागितला की लोकांना ती युक्ती वाटते. एकीला मी अगदी गयावया करून विचारलं, तर म्हणाली, "आमच्याकडे नाईच ना मॅडम, आमी बाहीर जातो." तिच्या मागेच दार होतं आणि आतून कोणीतरी पाणी टाकत होतं. मी तोंड पाडून पुढच्या घरी गेले.

सुख नाही असंही नाही. पुरुष दारात उभा राहून घर लहान करत असतो, तेव्हा बाई मला हाताला धरून आत नेते आणि घर मोठं करते. मशिदीमागच्या मोहल्ल्यात एकाने मला अर्धा तास पटवून दिलं होतं की मागची खोली पडकी आहे, आत विंचू निघतात. तेवढ्यात त्याची बायको आली. तिने कुलूप काढून मला आत ओढलं. "देखो ना मॅडम, ओटा कैसा बनाया," म्हणाली आणि माझा हात धरून त्या काळ्या ग्रॅनाइटवरून फिरवला. त्या हाताला मी नाही कशी म्हणणार? ओटा खरंच सुंदर होता. मी तो लिहिला. नवरा बाहेर विंचवांबद्दल बोलतच होता. पुढच्या वेळी तिने मला पुन्हा बोलावून शेवग्याच्या शेंगा दिल्या, तेव्हा मला वाटलं, या नोकरीत निदान एक घर तरी माझ्यावर रागावलेलं नाही.

यंदाच्या मोजणीत एक नवी भानगड होती. आमच्या आधी एका एजन्सीची पोरं येऊन ड्रोन उडवून गेली होती. ड्रोन दिसला की बाया वाळत घातलेले पापड झाकत होत्या, पुरुष गच्चीवर हिरवी जाळी टाकत होते. तरी ड्रोनने जे टिपायचं ते टिपलं. आमच्या हातात जी यादी आली तिच्यात प्रत्येक छपराचा फोटो होता. ड्रोनला छप्पर दिसतं, छपराखाली कोण आहे ते दिसत नाही, म्हणून काही घरांपुढे लिहिलं होतं, मालक आढळला नाही. मालक आढळवण्याचं काम माझ्याकडे आलं.

त्यांतलंच एक घर जालन्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या अलीकडच्या गल्लीत होतं. दोघा भावांची जोडून घरं, मधली भिंत सामाईक, आणि दोन्ही घरांवर मिळून एक वरचा मजला. जिना बाहेरून. या मजल्याला मी चांगली ओळखत होते. गेल्या मोजणीत थोरले म्हणाले होते की वरचं धाकट्याचं आहे. धाकट्यांनी हात जोडून सांगितलं होतं की वरचं सगळं दादाचं. दोघांनी मिळून बांधलेला, प्लास्टर केलेला, खिडक्यांना जाळ्या लावलेला तो मजला कागदावर कोणाचाच नव्हता. तेव्हाच्या साहेबांनी तो विषय तसाच ठेवला, कारण त्यांची बदली जवळ आली होती.

थोरल्यांना एकच मुलगा. वय तिशीच्या पुढे गेलेलं, वागायला शांत. गावाबाहेर त्यांचा भाजीचा मळा आहे, मुलगाच तो बघतो आणि लोकांच्या शेतात ठिबकच्या नळ्या जोडून देतो. त्याचं लग्न जमत नव्हतं. त्याच्यात खोट नव्हती. आमच्या भागात नोकरी नसलेल्या पोरांची लग्नं जमत नाहीत, एवढंच. मुलीकडचे येतात, शेत बघतात, घर बघतात आणि कळवतो म्हणून जातात. त्या घरात कळवतो म्हणून गेलेली माणसं बरीच झाली होती. आता बीबी गावाकडच्या एका घरचं स्थळ आलं होतं आणि मुलीच्या मामाची एकच अट होती. पोरीला स्वतंत्र खोली पाहिजे, आणि ती स्लॅबची पाहिजे.

पाहुणे यायचे होते दोन दिवसांनी. घंटागाडी ओरडून गेली होती की मोजणी आज आहे. थोरल्यांनी हिशेब नीट केला. आज गरीब व्हायचं, मी गेले की श्रीमंत व्हायचं, मध्ये सारवासारवीला एक दिवस. त्याप्रमाणे वरचा मजला त्यांनी कुटाराच्या पोत्यांनी भरून टाकला होता, म्हणजे तो मजला न राहता गुरांच्या चाऱ्याची जागा झाला. खाली हॉलमध्ये दोन शेळ्या. टीव्हीवर चादर. सोफा उभा करून भिंतीला लावलेला आणि त्यावर पोती. थोरले स्वतः बाहीला भोक पडलेला सदरा घालून बसले होते. तो त्यांनाही घरभर शोधावा लागला असणार, इतका जुना होता.

मी टेप काढला आणि तेवढ्यात दारात जीप थांबली. जमवून आणणारा मध्यस्थ खाली उतरला आणि म्हणाला, "परवा अमावस्या निघाली हो. म्हनून म्हटलं आजच घेऊन जावं." मागून मुलीचा बाप, आई, मामा आणि मुलगी स्वतः.

पुढचं जे झालं ते मी या नोकरीतल्या सगळ्या त्रासाची भरपाई म्हणून धरते. घरातल्या बाया एका दाराने शेळ्या बाहेर काढत होत्या आणि दुसऱ्या दाराने पाहुणे आत येत होते. एक शेळी फरशीवर घसरून मामाच्या पायांशी आली. सोफा आडवा करताना पोतं फुटलं. टीव्हीवरची चादर ओढली तर ती खिळ्याला अडकून टरकन फाटली. थोरले आत गेले आणि इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आले, पण तो भोकाच्या सदऱ्यावरच घातला होता. काकांना तेवढ्यात खुर्ची मिळाली आणि ते पाहुण्यांमध्येच जाऊन बसले. मुलीच्या आईने त्यांना मुलाचे चुलते समजून नमस्कार केला. काकांनी तो घेतला.

मी म्हटलं, मी नंतर येते. थोरले माझ्याजवळ आले आणि माझ्या कानाशी लागून म्हणाले, "मॅडम, जाऊ नका. एक करा. आता मोठ्यानं मोठं सांगा. मंग कागदावर बारीक करून टाका."

इतक्या वर्षांत मला लोकांनी कागदावर बारीक करायला सांगितलं आहे, रडून, ओरडून, शेंगा देऊन. पण एकाच दमात दोन्ही मागणारा माणूस पहिल्यांदा भेटला. मला हसू आलं आणि रागही आला. मी म्हटलं, "मी एकदाच सांगते, आणि जे सांगते तेच लिहिते."

मामा हे बघत होता. तो काही दुधखुळा नव्हता. म्हणाला, "मॅडम, आमच्या घरी बी मोजाले आले तवा आमी म्हशी बांधल्या होत्या हॉलात. त्याचं काई नाई. पन आमी सोयरे, आमाले हे लोक काई बी दाखवतीन. तुमी सरकारी मानूस. वरचं ह्या लोकायचं हाय का नाई, थे तुमीच सांगा."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी थोरल्यांकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर घरपट्टी आणि सून यांचं भांडण चाललेलं मला स्पष्ट दिसत होतं. मुलगा दाराशी उभा होता. बापाकडे बघत नव्हता, जमिनीकडे बघत होता. शेवटी थोरले म्हणाले, "लिहा मॅडम. वरचं माह्यं. समदं लिहा."

एकदा माणूस सुटला की सुटतो. त्यांनी मला घरभर फिरवलं. हा माळा लिहा. ही मोरी लिहा. जिना लिहा, जिन्याखालचं बी लिहा. तुळशीच्या ओट्याला घरपट्टी लागत नाही हे मला त्यांना समजवावं लागलं, तर त्यांना ते जरा अपमानास्पद वाटलं. सुनावणीत लोक इंचाइंचाला भांडतात, आणि हा गृहस्थ टेप ताणून धरत होता की जरा जास्त भरावं.

मग आम्ही वर गेलो. मुलाने आधीच जाऊन कुटाराची पोती एका बाजूला सारली होती आणि आतल्या खोलीची खिडकी उघडली होती. मुलगी आमच्यामागून वर आली. तो तिला सांगत होता, "इथून आपला मळा दिसते. थो हिरवा पट्टा दिसते ना, थे टमाटे हाय." 'आपला' म्हणाला आणि थांबला. मुलीने वाकून बघितलं. म्हणाली, "वारा येते इकडून." मग तिने हाताने भिंतीवरचं कुटार झटकलं आणि विचारलं, इथं रंग कोणता देणार. त्या मजल्यावर त्या दोघांशिवाय कोणाचंच लक्ष राहण्याकडे नव्हतं. मामा स्लॅबची जाडी बघत होता, मुलीचा बाप माझ्या टेपकडे बघत होता. मला मनापासून वाटलं की हे जमावं. मी काकांना म्हटलं, बाहेरची पडवी आधी घेऊ, आतली खोली मागून.

मी मोठ्याने बोलून लिहिते, ती माझी सवय आहे. ऐकलं की लोकांना नंतर नाही म्हणता येत नाही. मी म्हटलं, "वरचा मजला, दोन खोल्या, पडवी, भोगवटा थोरल्या भावाचा." हे खिडकीतून खाली गेलं. खाली धाकटे भाऊ लिंबाच्या सावलीत खाटेवर पडले होते. त्यांची मोजणी उरकली होती, त्यांच्या शेळ्याही परत गेल्या होत्या. ते तरातरा जिना चढून आले.

"काऊन हो मॅडम? अर्धा मजला माह्या भिंतीवर उभा हाय."

मी म्हटलं, "गेल्या वेळी तुम्हीच हात जोडून सांगितलं होतं, वरचं दादाचं."

"थे घरपट्टीसाठी."

"आणि आता?"

"आता वाटनीसाठी."

थोरले म्हणाले, पाहुणे बसले आहेत, खाली बोलू. धाकटे म्हणाले, पाहुण्यांसमोरच बोलू, त्यांनाही कळू दे. मी दोघांना सांगितलं की घरपट्टीला नाव लागलं म्हणजे मालकी होत नाही, पावतीच्या तळाशी तसं छापलेलं असतं. पण आमच्याकडे पावतीच्या तळापर्यंत कोणी वाचत नाही, वरचा आकडा बघूनच ओरडायला लागतात. इतकी वर्षं कोणाचाच नसलेला मजला एका सकाळीत दोघांचा झाला आणि दोघांनाही पूर्ण पाहिजे होता. वीट कोणी आणली, लोखंड कोणी आणलं, कोणाच्या बायकोने गवंड्यांना भाकरी घातल्या, सगळं निघालं. मुलगा मध्ये पडून म्हणाला, "काका, पाहुणे जाऊ द्या, मंग काय थे ठरवू." धाकट्यांनी त्याला बाजूला सारलं. त्याच्या बापानेही सारलं.

खाली पोहे झाले होते. पाहुण्यांनी ते खाल्ले, अगदी व्यवस्थित खाल्ले. आवाज वरून येतच होता. मामाने जाताना माझ्याकडे बघून हात जोडले आणि म्हणाला, "तुमचे उपकार झाले, मॅडम." त्याने ते मनापासून म्हटलं, हे मला जास्त लागलं. मुलगी शेवटी खाली आली. तिच्या बाहीला कुटार लागलं होतं. मुलाला ते दिसलं, पण सांगावं कसं हे त्याला सुचलं नाही.

निरोप मध्यस्थाकडून आला आणि गल्लीतून फिरत माझ्या कार्यालयापर्यंत पोचला. पोरगा चांगला आहे, मळा चांगला आहे, पण मजला भांडणाचा आहे. पोरगी देऊन भांडण घ्यायचं नाही.

त्यानंतर नोटिसा निघाल्या आणि हरकती आल्या. पहिली हरकत थोरल्यांची. वरच्या मजल्याशी माझा काही संबंध नाही, तो माझ्या भावाचा आहे. दुसरी धाकट्यांची, तिच्यात भावाऐवजी दादा. अक्षर एकच होतं. बसस्टँडजवळच्या एकाच अर्ज लिहिणाऱ्याकडून दोघांनी लिहून घेतलं होतं आणि बहुतेक एकाच रिक्षातून आले होते.

सुनावणीला आमचे नवे साहेब बसले होते. ते पुण्याकडचे. त्यांनी विचारलं, "म्हणजे मजला आहे, पण दोघांचाही नाही?" दोघं एकदम म्हणाले, "हाव." साहेबांनी माझ्याकडे बघितलं, जणू मी काही भाषांतर करणार होते. मी म्हटलं, साहेब, यांचं बरोबर आहे. मुलगी बघायला आली की तो यांचा असतो. एरवी नाही. थोरल्यांना राग आला. येऊ दे म्हटलं. मला त्याहून जास्त आला होता.

मुलगा मागे भिंतीशी उभा होता. बापाला गाडीवर घेऊन आला असणार. तो पुढे आला आणि मला विचारलं, "मॅडम, भोगवटादार म्हंजे राह्यनारा ना?"

मी हो म्हटलं.

"मंग माह्यं लिहा. मी राहाले जातो वर. कोनाचं तरी असू द्या."

साहेबांनी विचारलं, घरपट्टी कोण भरणार? तो म्हणाला, मी. साहेबांनी दोघा भावांना विचारलं, तुमची संमती आहे का? मी त्या दोघांना इतकी वर्षं बघते आहे, पण इतक्या पटकन त्यांचं कशावर एकमत झालेलं पाहिलं नव्हतं. थोरल्यांचा पेन चालेना तर धाकट्यांनी आपला दिला. सह्या करून दोघं हसत बाहेर गेले आणि समोरच्या टपरीवर चहा घ्यायला बसले. पोराला कोणी हाक मारली नाही.

तो माझ्या टेबलाशी थांबला होता. मला वाटलं निकालाची नक्कल पाहिजे असेल. मी म्हटलं, अर्ज कर, दोन दिवसांत देते. तो म्हणाला, नक्कल नको. मग म्हणाला, "एकच हाय मॅडम. तुमचा नंबर देऊन ठेवा. पुन्हा पाहुणे यायचे असले की मी तुमाले फोन करीन. त्या दिवशी तेवढं आमच्या गल्लीत येऊ नका."

तो रागाने बोलत नव्हता. माझ्या कामाची चूक काढत नव्हता. मलाही चूक केली असं म्हणता येत नव्हतं, मी जे होतं तेच मोजलं होतं. मी नंबर दिला आणि नाही येणार म्हटलं.

आता तो वर राहतो. खिडकीला पडदा लावलाय, तो खालून दिसतो. वसुलीसाठी मला त्या गल्लीत जावंच लागतं आणि निघायच्या आधी मी दर वेळी फोन बघते. त्याचा फोन अजून आलेला नाही.